वाटेचं काम

एप्रिलात हेलिकॉप्टर येतं, दीड दिवस.
खिंडीखाली दगडांच्या गोण्या टाकून जातं, टनाटनाच्या.
मग सप्टेंबरपर्यंत आवाज फक्त पहारीचा.

मार्सली म्हणते, दगड उचलून त्याला विचारत बसू नकोस
कुठे बसतोस म्हणून.
आधी खड्डा बघ. खड्ड्याला माहीत असतं.
ती सत्तावीस वर्षं खड्डे बघतेय.
माझा चौथा आठवडा. मी ग्लासगोचा,
दोन नखं काळी पडलेली,
डोंगराचं गेलिक नाव अजून तोंडात बसत नाही.
अर्थ विचारला तर म्हणाली, करडा.
एवढंच?
वर बघ की.
वर बघितलं. ढग होते.

साडेनवाला चढणारे येऊ लागतात,
रंगीत जाकिटं, दोन्ही हातांत काठ्या,
गळ्यात प्लास्टिकच्या पाकिटात नकाशा.
त्यांच्या पुस्तकात लिहिलेलं असतं:
ओढा ओलांडून मेंढ्यांच्या फाटकातून डावीकडे,
माथा पावणेचार तास. वाट स्पष्ट.
वाट स्पष्ट.
या दोन शब्दांत आमचा अख्खा जुलै गेलाय.

पण फरसावरून कोणी चालत नाही.
गुडघ्यांना गवत मऊ लागतं,
म्हणून एक पाऊल बाजूला पडतं,
मागच्याचं त्याच्याही बाजूला,
हेदर मरतं, खालचं पीट उघडं पडतं, काळं, लोण्यासारखं,
पहिल्या हिवाळ्यात बोटभर चर,
तिसऱ्यात मेंढी मावेल एवढी.
डोंगराची वाट लागते ती अशी,
वाट सोडल्यानं.

म्हणून मार्सली कडेला धोंडे रोवते,
मुद्दाम बेढब,
बसायला गैरसोयीचे, ओलांडायला त्याहून.
एक बाई थांबली, म्हणाली,
किती सुंदर, अगदी निसर्गानं ठेवल्यासारखे.
मार्सलीनं टोपी सरळ केली, आभार मानले.
बाई वळणाआड गेल्यावर म्हणाली,
निसर्गाला अडीच तास लागले,
आणि पाठ धरली त्याची.

चिलटांबद्दल लिहिणार नव्हतो.
वारा पडला की येतात, कानांत, पापण्यांत, सँडविचात,
तेव्हा आम्ही चालता चालता जेवतो, गोल गोल,
ओल्या गवतावर दोन वेडे.

अशाच एका जेवणात विचारलं,
माथ्यावरून समुद्र दिसतो म्हणतात, खरं का?
मला काय ठाऊक, म्हणाली.
मी उभा राहिलो, चिलटांसकट.
कधी गेलीच नाहीस?
वर नुसता खडक. खडकाला वाट लागत नाही.
आपलं काम सहाशे मीटरला संपतं.
डबा बंद केला, झाकण दोनदा दाबलं.
मग दुसरंच काही सांगितल्यासारखं:
टॉर्मोड जायचा. भाऊ.
खाली आला की बेटं मोजून सांगायचा,
कधी सात, कधी नऊ. एकदाही सारखी नाहीत.
मी पुढे विचारलं नाही.
पहार उचलली, ती थंड होती.

दुपारी पाऊस आला, इथला, आडवा.
माथ्यावरचे घाईघाईनं उतरू लागले.
मला व्हॅन दिसत होती, व्हॅनमधला चहा दिसत होता,
पण ती निघेना.
कालच्या पाणतोडीपाशी उकिडवी बसली.
मी तिची वाट पाहत होतो,
ती नुसती वाट.

पाणी खाली आलं, माणसांसारखंच, सोपं ते शोधत,
तिरक्या दगडाला थडकलं, फुगलं,
पानं काड्या घेऊन तिथल्या तिथे फिरलं,
आता वरून जाणार असं वाटलं.
मार्सलीनं दोन बोटांनी एक चिखलाचा गोळा काढला.
ते वळलं,
हेदरात शिरलं,
पुढचं त्याचं तो बघेल म्हणाली, पाण्याला पुल्लिंगी करून,
की आणखी कुणाबद्दल, कळलं नाही.

चल. वरच्या अजून चौदा आहेत.
आम्ही चढू लागलो,
धोंड्यांशी थांबत,
उतरणाऱ्यांना वाट देत.