मापात पाप

सोमवारी, ग्रिम्सबीत,
रेग प्लॅस्किट मासळीचा काटा शून्यावर आणतो
आणि शनिवारच्या लढती तोलायला घेतो.

टोबी दोन वजनगट वर चढून हरला:
"पोराचं काळीज बघा, काळीज!"
लेनी चौदा पौंड उतरवून हरला:
"उपाशी होता बिचारा."
हेवीवेट डॅरिल पडला:
"पोट बघितलंत? पैसे घेऊन पडला असणार."

टोबी सातव्या फेरीत. डॅरिलही सातव्याच.
दोघांचाही आधी डावाच गुडघा टेकला.

मी कॉड मागते.
रेग बर्फ झटकतो,
अंगठा ताटलीवरून हळूच काढून घेतो.

दार वाजतं.
डॅरिलची आई, ओली छत्री मिटत,
रांगेत माझ्यामागे.

आता हॅडॉकच्या भावावर
सगळ्यांनाच काहीतरी बोलायचं असतं.