धार नाही

काचेच्या पेटीत, विटलेल्या निळ्या मखमलीवर
ओळीनं निजवलेत सगळे:
चिमटे, शलाका, मुतखड्याची लांबुडकी सांडशी,
हाडाची एक करवत, मूठ झिजलेली,
आणि पाच नश्तर, अखंड पोलादाचे.
खाली टाइप केलेली चिठ्ठी:
बनावट विलायती. देणगी डॉ. टिळेकर कुटुंबीय.
स्थिती बरी. धार नाही.

दोनदा वाचलं मी.

बोहरी आळीच्या तोंडाशी, जिन्याखालच्या साडेतीन फुटांत
अब्बांची साण फिरायची. बाबालाल शिकलगार.
शनिवारी इस्पितळाचा शिपाई यायचा सायकलवरून,
हत्यारं फडक्यात गुंडाळलेली,
तान्ह्या पोरासारखी.
मग साण बंद. यांना चाक चालायचं नाही.
आधी कुरुंदाचा दगड, मग चामडं, थेंबभर खोबरेल,
आणि कुणी बोलायचं नाही.

अब्बांच्या डाव्या हातावर एकही केस नव्हता.
मनगटापासून कोपरापर्यंत गुळगुळीत.
प्रत्येक पात्याची पारख तिथंच.
म्हणायचे, कापलंय हे रक्ताला
जरा उशिरा कळलं पाहिजे.

करवत मात्र रात्री घ्यायचे.
एकेक दात, कानशीनं, कंदील जवळ ओढून.
त्या रात्री जेवायचे नाहीत.
एकदा कुबड्यांवरचा एक शिंपी
कात्री घेऊन आला. धार लावून दिली,
पैसे घेतले नाहीत.
तो गेल्यावर बराच वेळ
रिकामी साण फिरवत बसले.

पुढं वापरून फेकायची पाती आली.
शिपाई येईनासा झाला.
हातावरचे केस उगवले, पांढरेच.

प्रत्येक नश्तराच्या बुडाशी ते एक ठिपका ठोकत,
तिळाएवढा: एक खेप, एक तीळ.
पातं झिजतं, हिशेब हवा.
मी वाकते. मोबाइलचा उजेड तिरका धरते.
तिसऱ्याच्या बुडाशी काहीतरी आहे.
तीळ असतील. गंजही असेल.

"मॅडम, काचेला हात नको."
लोंढे, इथले पहारेकरी.
म्हटलं, हे एकदा पालथं करून दाखवाल?
किल्ली साहेबांकडे. साहेब सोमवारी.
मग स्टुलावर टेकत, ओळख निघाल्यासारखं विचारतात,
तुम्ही पेठेतल्याच ना?
आमच्या हिची कात्री पार बोथटली.
हल्ली कुठं लावून मिळते हो,
धार?