एच शून्याकडे जाताना

एकतीस वर्षं खडूनं शिकवलं, वाल्दिविआत.
बाहीवर पांढरी भुकटी,
आणि माझी पाठ बघून कंटाळलेली चाळीस मुलं.
आता पाठ नाही. कपाळ आहे,
कॅमेरा खाली असल्यानं जरा मोठंच,
आणि समोर चाळीस काळे चौकोन.
चौकोनांत नावं: वाल्देबेनितो, ऊरिबे, काइकेओ, पुन्हा एक ऊरिबे.
"दिसतंय का?" मी विचारतो.
कुणीतरी अंगठा वर करतं.
तोही पिवळा, चित्रातला.

यंदा विद्यापीठानं नवं साधन दिलं, आलेख बोटानं हलतो.
वक्रावर दोन बिंदू, त्यांतून जाणारी छेदिका,
खाली एक सरकपट्टी, तिचं नाव एच.
पट्टी डावीकडे ओढली की बिंदू जवळ येतात,
रेष कलते, अजून कलते, स्पर्शिका होते.
एवढं सांगायला मला फळ्यावर पाच आकृत्या लागत.
पाचवी नेहमी बिघडायची.
इथं काही बिघडत नाही,
म्हणूनच माझा विश्वास बसायला वेळ लागला.

मंगळवारी सकाळी चूल पेटवली, नोंदी उघडल्या.
यंत्र चुगलखोर आहे:
कोण किती वाजता आलं, कुणी काय ओढलं, सगळं सांगतं.
बहुतेकांनी पट्टी दोनदा हलवलेली,
मग उत्तर, मग पसार.
एकीनं चारशे बारा वेळा.
रात्री दोन चाळीस ते चार दहा.
इर्मा काइकेओ, केम्ची, चिलोए बेट.
उत्तराची चौकट कोरी.
गुण: शून्य.

मी लिहिलं, काही अडचण?
(मनात म्हटलं, फोन लहान भावाच्या हातात गेला असणार.)

दोन दिवसांनी उत्तर आलं, तुकड्यातुकड्यांनी,
सॅमनच्या कारखान्यातल्या दहा मिनिटांच्या सुट्टीत,
रबरी हातमोजे काढून लिहिलेलं.
"प्रोफे, पट्टी ०.०१ वर अडते.
शून्य टाइप केला तर रेषच नाहीशी होते.
तुम्ही म्हणता, पोचते.
ती पोचत नाही. मी पुन्हा पुन्हा पाहिलं."

हा प्रश्न दरवर्षी मार्चमध्ये
मीच विचारायचो, मीच उत्तर द्यायचो,
आणि मुलं उतरवून घ्यायची, तारखेसकट.

लगेच काही सुचलं नाही.
व्याख्या पाठवावी, तर ती पुस्तकात होतीच,
आणि पुस्तक तिनं वाचलं होतं.
कॉफी गार झाली. मी स्वतः पट्टी ओढत बसलो,
किती वेळा, ते यंत्राला ठाऊक.

संध्याकाळी तिचाच पुन्हा निरोप.
"आमच्याकडे ओहोटीला पाणी इतकं मागं जातं
की बोटी चिखलात कुशीवर निजतात.
मामा शिंपले वेचायला जातो.
पाणी नेमकं कधी वळतं, विचारलं,
तर म्हणतो, वळताना कुणी पाहिलंय?
आधी जात असतं, नंतर येत असतं.
पण कधी परतायचं ते त्याला बरोबर कळतं,
आधीची चाल बघून आणि नंतरची बघून.
प्रोफे, शून्यावर बघायचंच नाही का?
आजूबाजूला बघायचं?"

मी "होय" लिहिलं. खोडलं.
"होय, पण" लिहिलं. तेही खोडलं.
शेवटी नुसतं "होय".

मग तंत्रज्ञ एव्हारिस्तोला फोन केला.
म्हटलं, त्या ०.०१ चा अडसर काढ,
आणि शून्यावर एक पोकळ टिंब ठेव.
तो म्हणाला, मुलांना वाटेल काहीतरी मोडलंय.
वाटू दे, म्हटलं.

गुण बदलायला यंत्र कारण मागतं,
जास्तीत जास्त वीस अक्षरांत.
मी लिहिलं: फार जवळ गेली.
त्यानं हू की चू न करता ते घेतलं
आणि पुढचं नाव समोर ठेवलं.
ऊरिबे, पहिला की दुसरा, ते सांगितलं नाही.