नाकाचा हिशोब

ट्रॉम्सोला डिसेंबरात सूर्य उगवतच नाही,
त्यामुळे कलम सातमधली 'कामाची वेळ'
मला कधी नीट कळली नाही.

फेब्रुवारीत आयविनकाका
लाकडी मांडवावर कॉड टांगणार होता.
हवा दमट कधी होईल ते सांगणारं
चाळीस ओळींचं काहीतरी मी लिहिलं,
स्वयंपाकघरात, पण कंपनीच्या लॅपटॉपवर,
कारण माझ्याचा चार्जर कुत्र्यानं चावला होता.

मेमध्ये तेच उचलून
कंटेनरमधल्या ओलाव्याला लावलं.
साहेब म्हणाला, वा, आउद!
मीही मान डोलावली.
कुणी कुणाचं उचललं,
तेव्हा विचारलं नाही कुणी.

आता सोडून चाललेय, तर शेटिल यादी मागतोय:
तुझं काय, आमचं काय.
तारखा सगळ्या रात्री दोनच्या.
बाराव्या ओळीवर माझी टीप तशीच राहिलीय,
'आकडा पटला नाही तर काकाला हुंगायला सांग.'
ती तेवढी पुसू का म्हटलं.
शेटिल म्हणाला, नको, आता ती आमची.

सही केली.
रात्री काकाला फोनवर सगळं सांगितलं.
तो बराच वेळ गप्प. मागे मांडवाची दोरी करकरत होती.
मग म्हणाला, "म्हणजे आता
शिंकायचं झालं तरी
त्यांना विचारून?"