दुसरी

सातला शटर अर्धं ओढलं.
बिटको चौकात कुणीतरी भजी तळत होतं
आणि मी टेबलाखाली मांडी घालून
कॅबिनेटचे स्क्रू काढत होते.

पुडा लहानसा. आत चंदेरी पिशवीत ती,
दोन टीबी, थंडगार,
हातात धरली तर पाटा-वरवंट्यातला वरवंटा आठवावा इतकी जड.
केबल सोबत येत नाही, हे दुकानदारानं
पैसे मोजून घेतल्यावर सांगितलं.
स्क्रूही येत नाहीत.
शिलाईच्या डब्यात तीन सापडले.
चौथ्याचं पुढं बघू.

आणायची हौस नव्हती.
पहिलीवर जागाच उरली नव्हती:
द्राक्षांच्या पेट्यांची लेबलं,
जेल रोडच्या निम्म्या लग्नांच्या पत्रिका,
दशक्रियेची कार्डं
(साचा तोच, वरचा गणपती तेवढा काढायचा)
आणि एक फोल्डर. हेमांगी.
तीन कॉम्प्युटर बदलले, दर वेळी तो पुढं आला.
मी तो कधी उघडला नाही.
पुसलाही नाही.

फोनवर शार्दूल. चाकणला, रात्रपाळीला निघता निघता.
तो मला हाक मारत नाही.
आई नाही, मावशी नाही,
त्याचं वाक्य थेट कामापासून सुरू होतं:
आधी मेन बंद करा.
हात लोखंडाला लावा, अंगातली वीज जाऊ द्या.
मग केबल. जोर नको, आपोआप बसते.

बसली. झाकण न लावताच चालू केलं.
दिसत नाही रे, म्हटलं.
फिरतेय का?
बोट टेकवलं. थरथर होती. फिरतेय.
मग आहे ती. नुसतं जोडून दिसत नसते,
तिला आधी ओळख करून द्यावी लागते.

हे मला दोन हजार सहा साली
कुणीतरी सांगायला हवं होतं.

मग एक काळी पट्टी आली, या टोकापासून त्या टोकापर्यंत.
अक्षर निवडा.
सी पहिलीचं. डी त्या सीडीच्या खणाचं, जो उघडतही नाही.
आणि ए, बी?
ती फ्लॉपीची, तो म्हणाला. फ्लॉप्या कधीच गेल्या,
पण त्यांची अक्षरं सहसा कुणाला देत नाहीत.
माझा हात उगाच गळ्याशी गेला.
तिचा टाक वर्षभर होता तिथं,
चांदीचा, तुरीच्या डाळीएवढा,
आंघोळीतही काढायचा नाही म्हणून सांगितलेला.
ई घेतलं.

नाव द्या.
चौकटीत आधीच 'न्यू व्हॉल्यूम' भरून ठेवलेलं,
म्हणजे आपण काहीच केलं नाही तरी चालतं.
ताटातल्या तांदळावर यांनी अंगठीनं लिहिलं होतं
हेमलता.
सासूबाईंना 'हेमा' म्हणायची सवय झालेली,
घरातली हाक मोडायला नको.
तांदूळ नंतर भातात गेले असतील.

चौकट पुसली. टाइप केलं. वेलांटी दोनदा चुकली,
स्वतःचंच नाव असून.

खाली 'झटपट' वर टिक होती, ती काढली.
अहो, रात्र जाईल, शार्दूल म्हणाला. दोन टीबी आहे.
जाऊ दे. कानाकोपरा बघून होऊ दे.
सगळं पुसलं जाईल, चालेल का, असं यंत्रानं विचारलं.
कोऱ्या डिस्कलाही विचारतात.

तो अहो म्हणाला होता.
लक्षात आलं तेव्हा दोन टक्के झाले होते.

मग तोच म्हणाला, जरा थांबून,
आईचं फोल्डर नवीवर हलवा उद्या. जुनीचा भरवसा नाही.
हलवत नाही, म्हटलं. कॉपी करते.
तिथंही राहू दे.
बराच वेळ नुसता त्याच्या बसचा आवाज.

नाव काय टाकलंत?
चारुशीला.
कोण?

स्टेशनवर कुठल्याशा उशिरा गाडीची घोषणा चालली होती.
ती संपू दिली.
ये रविवारी, म्हटलं. येताना एक स्क्रू आण.