चार बोटं पाण्याखाली

साळावलीच्या पाण्यावर फोंडू वेळीप
इंजिन सुरू करण्याआधी
बोटं भिजवतो, कपाळाला लावतो
आणि मला बजावतो : बाय, मधोमध बस.
उभी राहू नकोस. काही झालं तरी उभी राहू नकोस.

मी मत्स्य खात्याची. मांडीवर नवं यंत्र.
पडद्यावर काही हिरवं सरकलं की मी म्हणते, मासा.
तो न बघताच म्हणतो, न्हय गो,
तो बाबलोचा पणस.

दिसतं त्या झाडाला भिऊ नये.
त्याच्या शेंड्यावर पाणकावळा
पंख वाळवत बसलेला असतो, तोच आपला दिवा.
भ्यायचं ते चार बोटं पाण्याखालच्याला.
सप्टेंबरात ते खोल असतं, वरून वऱ्हाड न्या.
एप्रिलात उघडं पडतं, शेंबडं पोरही चुकवेल.
मधले दिवस वाईट.
पाणी रोज बोटभर उतरतं
आणि कालची वाट आज वाट नसते.

वाऱ्याबरोबर सगळ्या सुरकुत्या पुढे जातात,
एखादी जागची हलत नाही.
तिच्या खाली फांदी.
तिसऱ्या प्रहरी ऊन तोंडावर घेऊन जाऊ नये,
पाण्याचा पत्रा होतो, काही म्हणता काही दिसत नाही.

पोफळी आधी गेल्या. मग माड.
किंदळ, माट, चिंच उरली,
भिजून भिजून काळी लोखंड झालेली.

मग आपण जातो कुठून?
रस्त्याने, म्हणाला.

मला वाटलं थट्टा.
पण तो खरंच रस्त्याने नेत होता :
गाव असताना जिथे झाड नव्हतं
तिथे आजही नाही.
बैलगाडीची वाट, शाळेमागचं खळं,
मग वायंगणाचा उघडा चौकोन.
जिथे पोस्टमन सायकलवरून उतरायचा
तिथे तो इंजिन हळू करायचा.
कुळागराला मात्र लांबून वळसा.
माझ्या यंत्राला खोली कळत होती,
कुणाच्या बांधाला कुणाचा बांध लागून, ते नाही.

तळीच्या अलीकडे ठक्‌ झालं.
होडी कलली नाही. कुणी मनगट धरावं
तशी नुसती थांबली.
मी उठणार तोच, बस!
इंजिन बंद. पंखा वर.
बांबू टेकवून तो आला त्याच रेघेने मागे निघाला,
तसू तसू, एकही शिवी न देता.

ही आमची चिंच, म्हणाला.
पाणी यायच्या आधी झाडं तोडायला माणसं आली होती,
कोयते, करवती, हातात यादी.
बापायने सगळी दाखवली.
हिच्याभोवती मात्र गवताची उडवी रचून ठेवली.
वर पाला दिसत होता की.
यादीवाल्यानेही मान खाली घातली असणार.

मग आता तरी कापून टाका ना,
उन्हाळ्यात उघडी पडली की?

फोंडूने फळीखालून तेलाचा रिकामा डबा काढला.
कोपरापर्यंत हात पाण्यात घालून
फांदी चाचपली,
थोडा वेळ तिच्यावर हात तसाच ठेवला,
मग दोरी बांधली. सैल.
पाणी चढेल तेव्हा डबाही चढायला हवा.
गेल्या वर्षीचा ताणून बुडाला.

मी यंत्रावर बिंदू ठेवला.
रकान्यात आपोआप आलं : अडथळा १७.
ते पुसलं. काय लिहू, विचारलं.
त्याने सांगितलं, सावकाश, मामलेदारापुढे सांगावं तसं :
खालच्या आंगणातली चिंच,
धाकू वेळीप याची, तळीच्या वाटेवर.

रकाना तोकडा.
'खालच्या आंगणातली' इतकंच मावलं.
मी वर पाहिलं तेव्हा
तो पुन्हा रस्त्याला लागला होता.