किलोमीटर बारा ते वीस

अठ्ठावीस वर्षं
किलोमीटर बारा ते वीस माझे होते.
खात्याच्या वहीत मैलकुली, गावात नुसता रोडवाला.
मृगाआधी साइडपट्ट्या छाटायच्या,
मग मोऱ्यांतला गाळ, मग दिवाळीपर्यंत खड्डे.
आता गुडघे म्हणतात, बाजेवर बस.

बाजेवर श्रावस्ती आधीच उपडी पडलेली,
मोबाइलमध्ये रस्ता बांधत.
ठोकळ्यांचं जग आहे ते.
चौकोनी सूर्य, चौकोनी मेंढ्या,
दहा मिनिटांत मावळणारा दिवस.
रात्री मागून हिरवं काहीतरी येतं, फुस्स करतं,
आणि हिला सामानासकट उडवतं.
"अंधारात घर सापडत नाई, आबा, म्हणून मरतो मी,"
असं म्हणाली, जसं कोणी म्हणावं
आज भाजीत मीठ कमी आहे.

मी चष्मा पुसला.
रस्ता सरळ. सुतळी ताणून टेकडीत खुपसलेला.
"कोणाच्या घरी जाते हा?"
"अल्फियाच्या."

रफिक टेलरची अल्फिया.
होळीनंतर टेम्पोत मशीन चढवून ते हिंगणघाटला गेले.
इथं दोघींच्या दारांत चाळीस पावलं, मधे हापसी.
तिथं त्यांनी मुद्दाम लांब लांब घरं बांधली होती,
जायला काहीतरी असावं म्हणून.

मग माझ्यातला रोडवाला उठला.
"टेकडी फोडू नको, तिच्या कडेनं चाल.
सरळ रस्त्यावर बैलही झोपते अन् गाडीवानही.
थे झाड राहू दे, त्याले वळसा घाल.
अन् मधे उंच ठेव, कासवाच्या पाठीसारखं,
पाणी दोन्हीकडं उतरलं पाहिजे."

"आबा, इथं पाणी साचत नाई."

मी गप्प बसलो.
अठ्ठावीस पावसाळे एका वाक्यात वाहून गेले.

वळसा मात्र तिनं घेतला.
फावड्यानं गवत सोलून पायवाट केली,
एक ठोकळा खडी, दोन माती,
मधेच एखादा हिरवाच सोडला.
"चाललेला दिसला पाह्यजे ना."
ठेकेदारांनी जुना रस्ता नवा दाखवलेला मी पाहिला आहे,
एका थरात तीन थरांचं बिल.
नवा रस्ता जुना दिसावा म्हणून
कोणी इतकं खपलेलं पहिल्यांदा पाहिलं.
दर सात पावलांवर मशाल.
नदीवर फळ्यांचा पूल. कठडा मी भांडून घेतला.

आमच्या शिवारातली धुऱ्याकडची पांदण
दोन वर्षं बंडी गेली नाही तर मिटली.
आधी तरोटा आला, मग बेशरम,
मग बाभळींनी दोन्हीकडून हात मिळवले.
आता तिथं पांदण होती हे फक्त
नकाशाला माहीत आहे, अन् मला.

"इथं गवत चढत नाई का रस्त्यावर?"
"नाई. ठोकळा ठेवला का राह्यते."
"कोणी चाललं नाई तरी?"

ती बोलली नाही.
तिथं सूर्य बुडत होता,
ती मशाली लावत पळाली.

शेवटी मी किलोमीटरचा दगड मागितला.
तिनं पांढरी लोकर ठेवली, वर पिवळी, शेजारी पाटी:
अल्फिया ०.
बरोबर. शून्य तिकडंच असतं, जिथं पोचायचं.

चार दिवस काही नाही.
पाचव्या सकाळी दात घासता घासता
तिनं मोबाइल माझ्या नाकाला लावला.
दगडाशेजारी दुसरी पाटी,
अक्षरं तिची नव्हेत:
झाडाजवळ रस्ता वाकडा काहून केला?

मी चष्म्याशिवाय वाचलं, मग चष्म्यानं.
नोकरीत माझ्या पट्ट्याच्या तक्रारी यायच्या,
साहेब वैतागायचे.
मला आतून बरं वाटायचं, कधी बोललो नाही.
तक्रार म्हणजे रात्री कोणीतरी गेलं होतं त्या वाटेनं.

"काय लिहू?" श्रावस्तीनं विचारलं,
तोंडात फेस.
"लिही," म्हटलं, "पाहणी करण्यात येईल.
खाली माझं नाव टाक."